सुट्टीच्या दिवशी हळू पळायचं

सर्वपित्री अमावास्येला तुळजापूरच्या रस्त्यांवर पाय ठेवायला जागा नसते. सोलापूर, लातूर, बीड, खुद्द धाराशिव जिल्हा आणि सीमेपलीकडचा कर्नाटक, सगळीकडून नवरात्र मंडळांची पोरं टेम्पो भरून आलेली असतात. अंगात एकसारखे टी-शर्ट, कपाळाला मळवट, टेम्पोवर भगवा. देवीच्या दारात मशाल पेटवायची, ‘आई राजा उदो उदो’चा गजर करायचा आणि आपल्या गावाकडे पळत सुटायचं. घटस्थापनेला ही भवानी ज्योत गावातल्या मंडपात पोहोचली पाहिजे, मग गाव जवळचं असो की लांबचं.

छातीला नंबर लावून आणि गळ्यात पदक घालून पळणं आपल्याकडे अलीकडे आलं. गटानं, रात्रभर, डांबरी सडकेवरून पळणं मात्र या जिल्ह्याला नवं नाही. नवी असेल तर एकच गोष्ट: एवढं पळून झाल्यावर पुढचे दोन-तीन दिवस पायांचं काय करायचं, याचा विचार. हा लेख त्या विचाराबद्दल आहे. शहरातल्या धावपटूंच्या गटांत याला ‘रिकव्हरी रन’ म्हणतात. मोठ्या मेहनतीनंतर, बहुतेक वेळा सुट्टीच्या सकाळी, सगळ्यांनी मिळून अगदी सावकाश पळायचं. ऐकायला सोपं वाटतं. करायला सगळ्यात अवघड हेच जातं.

आधी ज्योतीच्या रात्रीकडे नीट पाहू. एक जण मशाल घेऊन अर्धा-एक किलोमीटर जोरात पळतो, दुसरा ती हातात घेतो, पहिला टेम्पोत चढून बसतो. अंग निवतं, पाय आखडतात, आणि थोड्या वेळाने पुन्हा त्याची पाळी येते. जोरात पळा, थांबा, पुन्हा जोरात पळा. प्रशिक्षक ज्याला इंटरव्हल म्हणतात आणि आठवड्यातून एक-दोनदाच जपून करून घेतात, ते इथे बिनसरावाची पोरं रात्रभर करत असतात. त्यात बरेच जण अनवाणी. बूट घालून पळणारा माणूस बहुधा टाच आधी टेकवतो. अनवाणी पळताना टाच डांबरावर आपटली की झणका वरपर्यंत जातो, म्हणून सवयीचे अनवाणी धावपटू चवड्यावर उतरतात. हार्वर्डच्या डॅनियल लीबरमन यांनी २०१० साली याचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. चवड्यावर उतरलं की टाचेचा दणका वाचतो, पण तो भार पोटरीवर आणि टाचेमागच्या शिरेवर येतो. वर्षभर बूट-चपला घालणाऱ्याची पोटरी त्याला तयार नसते. घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी गावात जी पोरं लंगडताना दिसतात, ती बहुधा पोटरी धरूनच.

सोलापूरकडे जाणाऱ्यांच्या वाट्याला आणखी एक गोष्ट येते, ती म्हणजे घाट. तुळजापूर बालाघाटाच्या कडेवर वसलेलं आहे. समुद्रसपाटीपासूनची उंची साडेसहाशे मीटरच्या आसपास. सोलापूर साडेचारशेच्या आसपास. म्हणजे ज्योत घेऊन निघाल्यावर पहिल्या टप्प्यातच उतार लागतो. उतार म्हणजे आराम, असं सगळ्यांना वाटतं. दमाच्या हिशेबाने ते खरं आहे. पायांच्या हिशेबाने नेमकं उलट. चढावर मांडीचा स्नायू आखडून शरीर वर ढकलतो. उतारावर तोच स्नायू ताणला जात असताना शरीराला आवरून धरतो, प्रत्येक पावलाला ब्रेक लावतो. ताणलं जाता जाता जोर लावणं हे स्नायूसाठी सगळ्यात महागाचं काम. त्यात स्नायुतंतूंच्या आतली बारीक रचना जागोजागी विसकटते. स्वीडनमधल्या संशोधकांनी १९८१ साली लोकांना जिने पळत उतरायला लावलं आणि नंतर त्यांच्या स्नायूंचे तुकडे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, तेव्हा ही विसकटलेली रचना डोळ्यांनी दिसली. जिने चढणाऱ्यांचे पाय फारसे दुखत नाहीत, उतरणाऱ्यांचे दुखतात, हे तर कोणत्याही गडावर जाऊन आलेल्याला सांगायची गरज नाही.

हे दुखणं लगेच येत नाही. पळून घरी आल्यावर माणूस दमलेला असतो, पण ठणठणीत. दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून पाय खाली टाकताना अंग आंबल्याचं कळतं, आणि बऱ्याचदा तिसऱ्या दिवशी ते आणखी वाढतं. चोवीस ते बहात्तर तासांच्या दरम्यान कधीतरी ते शिखराला पोहोचतं आणि मग आपोआप ओसरतं. थिओडोर हफ या अमेरिकी शरीरशास्त्रज्ञाने १९०२ मध्येच याचं वर्णन केलं होतं आणि स्नायूच्या आत कुठेतरी फाटाफूट होत असावी, असा अंदाज बांधला होता. विसकटलेल्या जागेची दुरुस्ती करायला शरीर पेशी आणि द्रव पाठवतं, सूज येते, तिथल्या मज्जातंतूंची टोकं हळवी होतात. दुखणं उशिरा येतं ते यामुळे. ते दुरुस्तीच्या कामाचं दुखणं आहे.

इथे एका जुन्या समजुतीचा निकाल लावला पाहिजे, कारण ती प्रत्येक मैदानावर भेटते. ‘पायात लॅक्टिक ॲसिड साचलंय, हळू पळून ते काढून टाक.’ व्यायामशाळेतला प्रशिक्षक हे सांगतो, क्रीडाशिक्षक सांगतात, आणि सांगणाऱ्याचा आत्मविश्वास पाहून ऐकणारा मान डोलावतो. या समजुतीचं मूळ मोठ्या घराण्यातलं आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेडकाच्या स्नायूंवर झालेल्या प्रयोगांत दमलेल्या स्नायूत हे आम्ल सापडलं, आणि पुढे स्नायूंच्या कामावरच्या संशोधनासाठी आर्चिबाल्ड हिल आणि ओटो मायरहॉफ यांना १९२२ चं नोबेल मिळालं. त्यातून लोकांनी सोपं समीकरण काढलं: आम्ल म्हणजे दमणूक, दमणूक म्हणजे दुखणं. प्रत्यक्षात जोराचं पळणं थांबल्यावर रक्तातलं लॅक्टेट तासाभरात पूर्वपदावर येतं, तुम्ही नुसते कट्ट्यावर बसून राहिलात तरी. सावकाश पळत राहिलात तर आणखी लवकर उतरतं, हे खरं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी काढून टाकायला ते उरलेलंच नसतं. शिवाय ते कचरा नाही, इंधन आहे. कॅलिफोर्नियातल्या जॉर्ज ब्रूक्स यांनी १९८० च्या दशकात दाखवून दिलं की एका स्नायूत तयार झालेलं लॅक्टेट दुसरे स्नायू आणि हृदय आनंदाने जाळतात.

मग हळू पळून उपयोग काय? प्रामाणिक उत्तर असं, की सांगितला जातो त्यापेक्षा कमी, आणि सांगितला जातो त्यापेक्षा वेगळा. व्यायामानंतर लगेच केलेल्या हलक्या हालचालीवरचं संशोधन तपासणारा एक आढावा २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्याचा सूर असा होता की अशा हालचालीने पुढच्या दिवसांचं दुखणं फारसं कमी होत नाही. स्नायूची डागडुजी तिच्या गतीने होते. तिला घाई करता येत नाही. पण पळताना आणि त्यानंतर काही काळ दुखणं नक्की हलकं वाटतं. स्नायू गरम होतो, रक्त खेळतं, आखडलेलं सैल होतं. तेवढ्याने दिवस बरा जातो, आणि माणूस तीन दिवस खुर्चीत बसून राहण्याऐवजी चालता-फिरता राहतो. दुसरा फायदा लांब पल्ल्याचा. पळण्यातला बराच मोठा भाग दमसासाचा असतो, आणि दमसास वाढतो तो सावकाश घालवलेल्या तासांनी. स्नायूतल्या बारीक रक्तवाहिन्या वाढतात, पेशींमधली ऊर्जेची केंद्रं वाढतात. यासाठी धापा टाकाव्या लागत नाहीत. आठवड्यात दोन दिवस कष्टाचे आणि बाकीचे हळू, असं करणाऱ्याच्या खात्यात वर्षाअखेरीला खूप किलोमीटर जमा होतात, आणि मोडतोड कमी होते.

हे तत्त्व ज्याच्या नावाशी जोडलं जातं, तो अमेरिकेतल्या ओरेगन विद्यापीठाचा प्रशिक्षक बिल बोवरमन. एक दिवस कठीण, एक दिवस सोपा, हा त्याचा नियम. त्याचा केनी मूर नावाचा शिष्य सोप्या दिवशीही गुपचूप जोरात पळायचा. बोवरमनने त्याला दमात घेतलं आणि काही आठवडे रोज फक्त तीन मैल, तेही सावकाश, एवढंच पळायची सक्ती केली. पोरगा चिडला, पण पुढच्याच शर्यतीत त्याची वेळ एकदम सुधारली. हाच मूर १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकच्या मॅरेथॉनमध्ये चौथा आला.

पण बोवरमनला हळू पळण्याची खरी शिकवण मिळाली ती न्यूझीलंडमध्ये, आणि तीही गटात. १९६२ च्या डिसेंबरात तो ऑकलंडला आर्थर लिडियार्ड या प्रशिक्षकाकडे पाहुणा म्हणून गेला होता. लिडियार्डने तिथे सर्वसामान्य माणसांचे, त्यात हृदयविकारातून उठलेल्यांचेही, सावकाश पळणारे गट उभे केले होते. रविवारी सकाळी त्याने बोवरमनला त्यांच्यात सामील केलं. पन्नाशीतला, स्वतःला तंदुरुस्त समजणारा हा प्रशिक्षक थोड्याच वेळात धापा टाकत मागे पडला. त्याच्यासाठी मुद्दाम मागे थांबला तो सत्तरी ओलांडलेला एक म्हातारा, ज्याला तोवर तीन वेळा हृदयविकाराचे झटके येऊन गेले होते. तो त्याच्या सोबतीने गप्पा मारत पळत राहिला. बोवरमनला उत्तर द्यायलाही दम नव्हता. घरी परतल्यावर त्याने ओरेगनमध्ये असेच गट सुरू केले, एका हृदयरोगतज्ज्ञाबरोबर १९६७ मध्ये ‘जॉगिंग’ नावाचं पुस्तक काढलं, आणि अमेरिकेत रस्त्यावर पळणाऱ्या सर्वसामान्यांची लाट आली. हाच माणूस नाइकी कंपनीच्या दोन संस्थापकांपैकी एक.

या किश्श्यात हळू पळण्याचं मोजमाप आलंच आहे. बोलता आलं पाहिजे. तुटक ‘हो-नाही’ नव्हे, सलग वाक्य. शेजारच्याला काल रात्रीच्या सामन्याची हकीकत सांगता येत असेल तर वेग बरोबर. वाक्य मध्येच तोडून श्वास घ्यावा लागत असेल तर जास्त. हातातलं घड्याळ हृदयाचे ठोके दाखवत असेल, तर ते कमाल ठोक्यांच्या साठ ते सत्तर टक्क्यांत राहिले पाहिजेत; पण घड्याळ नसेल तर काही बिघडत नाही. दहा किलोमीटर पन्नास मिनिटांत पळणाऱ्याने, म्हणजे पाच मिनिटांना एक किलोमीटर जाणाऱ्याने, अशा दिवशी सात मिनिटांच्या आसपास राहावं. एवढं हळू पळताना लाज वाटते, ही खरी अडचण आहे. केनियातल्या इटेनसारख्या गावांत जगातले सर्वोत्तम धावपटू सकाळच्या हलक्या धावेची सुरुवात असे रेंगाळत करतात, की नवख्या पाहुण्याला वाटावं आपणही यांच्यासोबत सहज पळू. सुरुवातीला पळतोही.

आपल्याकडे बोलण्याची ही कसोटी बिननावाची, पण फार जुनी आहे. शेगावहून निघणारी गजानन महाराजांची पालखी आषाढी वारीसाठी पंढरपूरला जाते, ती धाराशिव आणि तुळजापूरवरून. कित्येक दिवस चालून आलेले वारकरी टाळ वाजवत, अभंग म्हणत गावात शिरतात. गाताना चालता येतं, म्हणजे दम मर्यादेत आहे. दिंडीचा वेग भजनाच्या लयीला बांधलेला असतो, त्यामुळे सत्तर वर्षांच्या आजी आणि विशीतला नातू एकाच दिवशी एकाच मुक्कामाला पोहोचतात. ज्योतीच्या पोरांची एका रात्रीत दाणादाण उडते आणि वारीतले आजोबा महिनाभर टिकतात, यात भक्तीचा वाटा आहेच. वेगाचाही आहे.

गटात पळण्याचा एक तोटा सांगायला हवा. १८९८ साली नॉर्मन ट्रिप्लेट या मानसशास्त्रज्ञाने सायकलपटूंच्या वेळा तपासल्या, तेव्हा एकट्यापेक्षा सोबत असताना ते वेगाने जातात असं दिसलं. सोबतीने माणूस जोरात जातो. म्हणजे हळू पळायच्या दिवशी सोबत हीच अडचण होऊ शकते. पहिला किलोमीटर गप्पांत जातो, दुसऱ्यात कोणीतरी अर्धं पाऊल पुढे काढतं, शेजारचा ते भरून काढतो, आणि चौथ्या किलोमीटरला सगळे गप्प होऊन पळत असतात. कोणी ठरवलेलं नसतं. यावर उपाय एकच, तो म्हणजे सगळ्यात हळू पळणाऱ्याला पुढे ठेवायचं आणि त्याच्या पुढे कोणी जायचं नाही. मागे ठेवलं की तो ओढला जातो, धापा टाकतो, आणि पुढच्या सुट्टीला येत नाही. आणखी एक करता येतं. अंतर ठरवू नये, वेळ ठरवावी. ‘पाच किलोमीटर’ म्हटलं की संपवायची घाई होते. ‘पस्तीस मिनिटं’ म्हटलं की जोरात जाऊन काही मिळत नाही.

आता सुट्टीबद्दल. सुट्टी खरं तर या कामाला सोयीचीही आहे आणि घातकही. सोयीची अशासाठी, की एरवी धाराशिवसारख्या गावात पळणाऱ्यांच्या वेळा जुळत नाहीत. भरतीची पोरं पहाटे पाचला मैदानावर, शिक्षक सकाळच्या शाळेआधी, बँकेतली मंडळी संध्याकाळी, आणि घरच्या डब्यांतून सुटलेल्या बायका जमेल तेव्हा. स्वातंत्र्यदिन, गांधी जयंती, प्रजासत्ताक दिन, महाराष्ट्र दिन या दिवशीच सगळे एका वेळी मोकळे. शिवाय १७ सप्टेंबर आहे. हैदराबाद संस्थान १९४८ मध्ये त्या दिवशी भारतात सामील झालं, म्हणून मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचं ध्वजवंदन होतं, आणि सकाळी सगळा गाव तसाही उठलेला असतो. प्रजासत्ताक दिनाला तर एक विशेष योग आहे. मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. तिथून बेचाळीस किंवा एकवीस किलोमीटर पळून आलेल्यांचे पाय साधारण आठवड्याने, म्हणजे बरोबर २६ जानेवारीच्या सुमारास, पुन्हा पळायला लागण्याच्या बेतात असतात. ध्वजवंदन आटोपून गटाने अर्धा तास सावकाश पळणं, यापेक्षा चांगली सुरुवात सुचत नाही.

घातक अशासाठी, की सुट्टी म्हटली की हात सुटतो. आज वेळ आहे, तर दुप्पट पळू. आज सगळे आहेत, तर शर्यत लावू. धाराशिव लेणी शहरापासून आठेक किलोमीटरवर, तर आज लेण्यांपर्यंत जाऊन येऊ. लेण्यांची ती धाव एरवी उत्तम आहे, बालाघाटाचा चढउतारही सुंदर, पण जाऊन-येऊन सोळा किलोमीटर आणि त्यात उतार ही दुखऱ्या पायांसाठी नवी शिक्षा आहे. अशा दिवशी हातलाईच्या डोंगराकडेही वळू नये. सपाट रस्ता, मातीची कड, किंवा सरळ मैदानाच्या फेऱ्या. १ मे ला तर उशीरच करू नये. सूर्य वर आला की मराठवाड्यात हळू पळणंही हृदयाला जोराचंच असतं. उन्हात शरीर थंड ठेवायला रक्त त्वचेकडे वळवावं लागतं, आणि तेवढ्याच वेगाला ठोके वाढतात. तेव्हा बोलण्याची कसोटी लावायची आणि घड्याळातला वेग विसरायचा.

सुट्टीच्या दिवशी पायांनाही सुट्टी हवी, असं म्हणणारे असतात, आणि त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. गांधीजी चालण्यात वाकबगार होते. १९३० ची दांडी यात्रा १२ मार्च ते ५ एप्रिल, साधारण ३८५ किलोमीटर, आणि त्या वेळी त्यांनी साठी गाठलेली. त्या यात्रेतही सोमवार हा मौनाचा आणि मुक्कामाचा दिवस होता. तुळजापूरची देवीसुद्धा दसऱ्याचं सीमोल्लंघन झालं की पलंगावर निद्रा घेते, ती थेट अश्विनी पौर्णिमेपर्यंत. महिषासुराशी झालेल्या युद्धानंतरची ही श्रमनिद्रा. नवरात्राआधीची घोर निद्रा आणि पौषातली मोह निद्रा वेगळ्या. देवीच्या वर्षाच्या कॅलेंडरमध्येच मोठ्या श्रमानंतरचे विश्रांतीचे दिवस छापलेले आहेत, आणि तिच्या नावाने रात्रभर पळणारी पोरं मात्र दुसऱ्या दिवशी दांडियाला उभी असतात. पायांत इतकं दुखत असेल की चालणंच बिघडलंय, तर पळू नये. सावकाश चालावं. त्याने काही बुडत नाही.

हे सगळं ज्यांना सगळ्यात जास्त लागू आहे, ते मॅरेथॉनवाले नव्हेत. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी आहेत. या जिल्ह्यात पाऊस बेभरवशाचा, कारखाने थोडे, त्यामुळे खाकी वर्दी हे कित्येक घरांचं स्वप्न. पोलीस शिपायाच्या मैदानी चाचणीत मुलांना सोळाशे मीटर आणि मुलींना आठशे मीटर पळावं लागतं. सोळाशे मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत किंवा त्याआधी मारलं, आठशे २ मिनिटं ५० सेकंदांत, तर वीसपैकी वीस गुण. एका सेकंदावर गुण आणि गुणावर नोकरी. म्हणून पोरं रोज सोळाशे मारतात. रोज, जीव तोडून, घड्याळ लावून. आणि मग महिन्या-दीड महिन्यात नडगी धरून बसतात.

यामागचं कारण असं. जोराच्या सरावाने हृदय आणि दमसास काही आठवड्यांत सुधारतो. हाड मात्र हळू शिकतं. ताण पडला की शरीर आधी हाडाचा जुना भाग खरवडून काढतं आणि मग नवा भरतं. या मधल्या काळात ते हाड थोडं कच्चंच असतं. रोजच्या रोज तोच दणका बसत राहिला की भरण्याआधी खरवडणं चालू राहतं, नडगीच्या आतल्या कडेला दुखू लागतं, आणि तरीही रेटलं तर बारीक चीर पडते. दम आहे, पाय नाहीत, अशी अवस्था. आठवड्यातून दोन दिवस सोळाशेची खरी तयारी, त्यातही पूर्ण सोळाशे न मारता चारशेचे तुकडे, एक दिवस शंभर मीटर आणि गोळाफेक, आणि उरलेल्या दिवशी अर्धा-पाऊण तास सावकाश पळणं, एवढं केलं तरी बहुतेकांची वेळ खाली येते. सोळाशे मीटर ५:१० मध्ये म्हणजे किलोमीटरला सव्वातीन मिनिटांहून किंचित कमी. त्या पोराने हळू दिवशी साडेपाच-सहा मिनिटांना किलोमीटर जावं. त्याला हे सांगितलं की तो हसतो. पण शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे, ज्याने २०२४ मध्ये पॅरिसला ३००० मीटर स्टीपलचेस ८ मिनिटं ९.९१ सेकंदांत पळून दाखवली, त्याचं नाव घेतलं की ऐकतो. साबळे लष्करात गेला, तिथे पळायला लागला, आणि अडथळे व पाण्याचे खड्डे ओलांडत किलोमीटरला दोन मिनिटं त्रेचाळीस सेकंदांच्या वेगाने जातो. असा वेग रोज लावणारा धावपटू जगात कुठेही नाही.

खुद्द धाराशिवची ओळख खो-खोची. सारिका काळेला २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळाला तो याच मातीतल्या खेळासाठी. खो-खो म्हणजे सगळा क्षणाचा वेग, अचानक थांबणं, वळणं, सूर मारणं. थांबणं आणि वळणं म्हणजे पुन्हा ब्रेक, म्हणजे पुन्हा ताणता ताणता जोर. स्पर्धेच्या दुसऱ्या दिवशी मैदानाभोवती सावकाश चार-सहा फेऱ्या मारणाऱ्या खेळाडूंना पाहून लोक म्हणतात, आज सराव नाही वाटतं. आहे.

एक चांगली बातमीही सांगून टाकतो. उताराचं दुखणं एकदा सोसलं की स्नायू काही आठवडे ते लक्षात ठेवतो. तोच उतार दुसऱ्यांदा पळाल्यावर दुखणं कितीतरी कमी होतं. म्हणून ज्योतीला जाणाऱ्या मंडळाने भाद्रपदात दोन-तीन रविवारी मिळून एखादा उतार हलकेच पळून घेतला, तर घटस्थापनेनंतरची लंगडण्याची मिरवणूक बरीच आखूड होईल. अनवाणी जायचा नवस असेल तर आधी महिनाभर मऊ मातीवर थोडं थोडं अनवाणी चालावं. नवस मोडत नाही आणि पोटरीही.

कधी पळायचंच नाही, तेही माहीत हवं. दोन्ही पायांत सारखं, पसरलेलं, बोथट दुखणं आणि पाच-दहा मिनिटांत सैल होणारं, हे चालेल. एकाच पायात, बोटाने दाखवता येईल अशा एका जागी, हाडावर दाबल्यावर कळ येणारं आणि पळताना वाढत जाणारं, हे चालणार नाही. ते घेऊन डॉक्टरकडे जायचं. ताप असेल तर घरी झोपायचं. आणि फार मोठ्या मेहनतीनंतर लघवी चहासारखी किंवा कोलासारखी गडद झाली, तर उद्याची वाट न पाहता दवाखाना गाठायचा. स्नायूंचा माल रक्तात उतरून मूत्रपिंडावर ताण आल्याची ती खूण असते.

राहिलं खाणं. पळताना खर्च झालेली स्नायूंमधली साखर नीट जेवलं तर साधारण दिवसभरात भरून येते. नवरात्रात मात्र उपवास असतो. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट, तेव्हा साखर भरून काढायला तो नाव ठेवण्यासारखा नाही. कमी पडतात ती प्रथिनं, आणि डागडुजीला हवीत तीच. खिचडीत शेंगदाण्याचा कूट हात सैल सोडून घालावा, सोबत दूध-दही घ्यावं. भगरीसोबत शेंगदाण्याची आमटी हे तर आपल्या आयांनी आधीच ठरवून ठेवलेलं आहे. उपवास नसेल त्या सुट्टीला धाव संपल्यावर सगळ्यांनी एखाद्याच्या घरी बसून सुशीला खावा. मुरमुरे, डाळं, शेंगदाणे, वर लिंबू आणि मीठ. घामाने गेलेलं मीठ परत येतं, पिष्टही मिळतं. प्रथिनांसाठी सोबत उकडलेली अंडी किंवा मोड आलेली मटकी. चहा एकच कप प्या, असं कोणतंही संशोधन सांगत नाही.